पेशीच्या स्वयंपाकघरातली विळी



आमच्या भागात कॅन्सर हा शब्द सहसा कोणी तोंडाने घेत नाही. "टाटाला नेलंय," एवढेच म्हणतात, आणि ऐकणारा आवाज खाली आणून विचारतो, "कधी?" शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत आणि खाली लोणंदपर्यंत, घर कोणत्याही जमातीचे असो, वाक्य हेच. टाटा म्हणजे परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. त्याच संस्थेचा दुसरा मोठा परिसर नवी मुंबईत खारघरला आहे, त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. पुण्याकडून जाताना परळच्या आधी खारघर लागते, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच लोकांना ती वाट आता पाठ झाली आहे. (खंडाळा म्हणजे साताऱ्याचे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. लोणावळ्याजवळचे खंडाळा त्या वाटेत लागते, ते वेगळे. हे दरवेळी सांगावे लागते.)

नातेवाईक हातात रिपोर्टची पिशवी घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतात, त्याच आवारात संशोधनाच्या इमारतीही आहेत. तिथे डॉ. काकोली बोस यांची प्रयोगशाळा बरीच वर्षे एका प्रथिनाच्या मागे लागली आहे. त्याचे शास्त्रीय नाव एचटीआरए-२. दुसरे नाव छोटेसे आहे, ओमी. आपण ओमीच म्हणू. हे प्रथिन तुमच्या, माझ्या, घरातल्या तान्ह्या बाळाच्या पेशीत आत्ता या क्षणी आहे. त्याच्याकडे दोन कामे आहेत: पेशी जगवणे आणि पेशी मारणे. दोन्ही कामे तो एकाच पात्याने करतो. हे कसे जमते, ते या महिन्यात पाहू.

आधी मरणाबद्दल थोडे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचे ऊर्जाकेंद्र असे आपण शिकतो. शेजारच्याच परिच्छेदात लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हटलेले असते, आणि परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. मुलांच्या डोक्यात त्यामुळे पक्के बसते की वीज इथे तयार होते आणि मरण तिथे. प्रत्यक्षात शरीरात ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूचा एक मुख्य दरवाजा तंतुकणिकेतच आहे. जिथे चूल पेटते तिथेच विळीही ठेवलेली असते, तसे.

ठरवून होणारा मृत्यू म्हणजे काय? आईच्या पोटात बाळाचा हात आधी फावड्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात तेव्हा पाच बोटे सुटी होतात. पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्ले पाहा. त्यांची शेपूट तुटून पडत नाही, ती आतल्या आत विरघळते. कारण तिथल्या पेशी रांगेने संपतात आणि त्यांचा माल शरीर पुन्हा वापरते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा एक मिलीमीटरभर लांबीचा जंत आहे. त्याच्या शरीरात वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक जंतात त्याच १३१. हा हिशेब मांडणाऱ्या कामाला २००२ सालचे नोबेल मिळाले. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज ५० ते ७० अब्ज पेशी अशा जातात, असा अंदाज आहे. तितक्याच नव्या येतात, म्हणून आपल्याला काही कळत नाही.

या मृत्यूची रीत वेगळी आहे. हात भाजला तर पेशी फुगून फुटतात, आतले पाणी बाहेर सांडते, जागा लाल होते, सुजते. तो अपघाती मृत्यू. ठरलेल्या मृत्यूत पेशी आक्रसते, तिचे लहान लहान भाग पातळ आवरणात गुंडाळले जातात आणि शेजारच्या पेशी ते उचलून नेतात. सूज नाही, आरडाओरड नाही. कफन-दफन नीट झाले म्हणायचे. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी ही रीत वेगळी ओळखली आणि तिला नाव हवे म्हणून आपल्या विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी 'ॲपॉप्टॉसिस' सुचवले, म्हणजे झाडावरून पाने गळणे. एखाद्या मराठी माणसाला विचारले असते तर त्याने लगेच 'पानगळ' सांगितले असते आणि साऱ्या जगातल्या विद्यार्थ्यांचे स्पेलिंग वाचले असते.

मराठीत मात्र वर्तमानपत्रांनी याला 'पेशींची आत्महत्या' म्हटले आणि उर्दूत 'खलियों की खुदकुशी' रूढ झाले. आपल्या घरात हा शब्द आला की मुले लगेच विचारतात, खुदकुशी तर हराम आहे, मग अल्लाहने प्रत्येक पेशीत ती कशी ठेवली? प्रश्न बरोबर आहे, शब्द चुकीचा आहे. पेशीला इच्छा नसते, निराशा नसते. ती स्वतःचा जीव स्वतःसाठी देत नाही. शरीराच्या गरजेतून निरोप येतो, किंवा पेशीतला बिघाड दुरुस्तीपलीकडे जातो, आणि मग आधीपासून ठेवलेली यंत्रणा सुरू होते. 'नियोजित पेशीमृत्यू' हा शब्द जड वाटला तरी खरा आहे. घरात बोलताना मी अजल म्हणते, ठरलेली मुदत. पण तेवढ्यावरून तंतुकणिकांचा उल्लेख आपल्या किताबात शोधत बसू नये. तो त्या किताबाचा विषय नाही.

हेही इथेच सांगते, कारण रमजान आला की मोबाईलवर तो संदेश दरवर्षी फिरतो: रोजा ठेवला की खराब पेशी मरतात, याचे संशोधन करणाऱ्याला नोबेल मिळाले. २०१६ चे नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळाले. त्यांचे काम यीस्टवर होते, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर, आणि विषय होता पेशी आपल्याच आतला टाकाऊ माल कसा पचवते आणि पुन्हा वापरते हा. त्याला ऑटोफॅजी म्हणतात. पेशी मरणे ही वेगळी गोष्ट. आणि रोजा आपण अल्लाहसाठी ठेवतो, त्याला स्वीडनच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आता ओमीकडे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तसबीह डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच की मणी एकसारखे नसून वीस प्रकारचे असतात, आणि ही तसबीह ओवून झाली की स्वतःच गुंडाळून ठरावीक आकार घेते. ओमीची माळ ४५८ मण्यांची आहे. तिचा नकाशा केंद्रकातल्या जनुकात असतो, माळ ओवली जाते पेशीद्रवात, आणि तिच्या सुरुवातीच्या भागात पत्ता लिहिलेला असतो: तंतुकणिका. पत्त्यावर पोहोचल्यावर पहिले १३३ मणी कापून टाकले जातात आणि ३२५ उरतात. तंतुकणिकेला दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली. त्या दोन्हींच्या मधल्या बोळात ओमी राहतो.

ते १३३ मणी गेल्यावर माळेचे जे नवे टोक उघडे पडते, त्यावरचे पहिले चार मणी असे आहेत: ॲलानिन, व्हॅलिन, प्रोलिन, सेरिन. ही चार नावे पाठ करायची गरज नाही, पण ही चौकडी लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळे फिरते.

ओमी कधी एकटा नसतो. एकसारखे तीन ओमी एकमेकांना टेकून उभे राहतात आणि वर निमुळता होत जाणारा एक मनोरा तयार होतो. २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा स्फटिक करून क्ष-किरणांनी हा आकार पहिल्यांदा दाखवला. मला तो पाहून तीन दगडांची चूल आठवते. एक दगड काढला की भांडे उभे राहत नाही. तसे तिघे सुटे झाले की ओमीचे काम थांबते. प्रत्येक दगडाला दोन भाग आहेत. एका भागात पाते आहे, जे दुसरी प्रथिने कापते. पात्याची धार म्हणजे तीन मणी: १९८ क्रमांकाचा हिस्टिडिन, २२८ चा ॲस्पार्टिक आम्ल आणि ३०६ चा सेरिन. माळेत ते एकमेकांपासून लांब आहेत, पण माळ गुंडाळली की शेजारी येतात. तिघे नेमक्या अंतरावर आले तरच धार येते, थोडे सरकले की पाते बोथट. दुसऱ्या भागाचे नाव पीडीझेड. तो खालच्या बाजूने येऊन पात्याकडे जाण्याची वाट झाकून ठेवतो. विळीचे पाते दुमडून ठेवलेले असते, तसे समजा.

दुमडलेले पाते उघडते कसे, हाच खारघरच्या प्रयोगशाळेचा विषय. पीडीझेडमध्ये एक खाच असते आणि समोरच्या प्रथिनाची शेपटी त्या खाचेत बसली की झाकण हलते, असा सर्वसाधारण समज होता. अडचण अशी की ओमीच्या मनोऱ्यात ती खाच आत दडलेली आहे. बाहेरून येणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोहोचणार कसा? डॉ. बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले की पृष्ठभागावर आणखी एक खळगी आहे. येणारे प्रथिन आधी तिथे टेकते, त्या स्पर्शाने पीडीझेड थोडे सरकते, दडलेली खाच मोकळी होते आणि पात्याजवळचे लवचिक फास असे हलतात की ते तीन मणी एका ओळीत येतात. कुलूप दारावर आणि कडी भिंतीवर, असे काहीसे. पुढे २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवले की यात शेजारच्या दगडाचाही हात असतो. एका ओमीचे पीडीझेड दुसऱ्या ओमीच्या पात्याला चालना देते. म्हणूनच तिघे लागतात.

हे काम कसे चालते, त्याची कल्पना यावी म्हणून सांगते. मानवी ओमीचे जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालतात, जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून ओमी तयार करून घेतात. मग तो गाळून शुद्ध करायचा. मग एक एक मणी मुद्दाम बदलून पाहायचे, पाते चालते की नाही. काही भाग संगणकावर हालचाल पाहून, काही भाग स्फटिक करून. एका मण्यासाठी महिने जातात. परळच्या जुन्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, जिथून पुढे हे सगळे काम खारघरला आले, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, तेव्हाही असेच होते. आमच्या तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी मुलींच्या हाती पाटी दिली नसती, तर हे दोन्ही परिच्छेद लिहिताना बाईचे नाव आले नसते.

ई. कोलायचा उल्लेख आला, तर ओमीच्या नावाची गंमतही ऐका. हा जिवाणू स्वतः ओमीच्या कुळातले एक प्रथिन बाळगतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी असे दिसले की ते प्रथिन नसलेला जिवाणू साध्या तापमानाला मजेत जगतो, पण ४२ अंशांच्या वर गेला की मरतो. म्हणून त्याचे नाव पडले 'जास्त तापमानाला गरजेचे', त्याचीच इंग्रजी आद्याक्षरे एचटीआर. उष्णतेने प्रथिने विसकटतात. अंडे उकडल्यावर पांढरे होते ते त्यामुळेच. विसकटलेली प्रथिने कापून साफ करणे हे त्या प्रथिनाचे काम. म्हणजे हे कुळ मुळात झाडू-पोछा करणारे. तंतुकणिका स्वतः फार फार पूर्वी एक स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत राहायला आल्या, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा त्यांच्या घरात हे कुळ सापडावे, यात नवल नाही.

नवल २००१ मध्ये झाले. जपानच्या संशोधकांना आणि लगेच पाठोपाठ इतरांना दिसले की मरणाचा निरोप आला की ओमी तंतुकणिकेतून बाहेर पडतो आणि पेशी मारायला मदत करतो.

ते असे घडते. पेशीचा डीएनए फार बिघडला की पी-५३ नावाचे प्रथिन सावध होते. त्याच्या सांगण्यावरून बॅक्स नावाची प्रथिने तंतुकणिकेच्या बाहेरच्या भिंतीला भोके पाडतात. बोळातला माल बाहेर सांडतो, त्यात सायटोक्रोम सी असतो आणि ओमीही. बाहेर पेशीद्रवात कास्पेज नावाच्या कात्र्या आधीपासून आहेत. त्या मोकळ्या सुटल्या तर पेशीचे तुकडे करतील, म्हणून एक्सआयएपी नावाच्या प्रथिनाने त्यांचे मनगट घट्ट धरून ठेवलेले असते. ओमीच्या टोकावरची ती चार मण्यांची चौकडी नेमकी या एक्सआयएपीच्या हातात बसते. त्याने ओमीला धरले की कात्र्या सुटतात. ओमी तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या पात्याने तो एक्सआयएपीलाच कापून टाकतो. मग परतीची वाट उरत नाही.

बोळात असताना हीच चौकडी कोणाला काही करत नाही, कारण तिथे एक्सआयएपी नाही. पाते तेच, टोक तेच, जागा बदलली. विळी स्वयंपाकघरात असेपर्यंत भाजीची, घेऊन रस्त्यावर उतरले की पोलीस केस.

मग शास्त्रज्ञांनी सरळ विचार केला. मारणारा काढून टाकला तर पेशी कमी मराव्यात. उत्तर एका उंदराने दिले. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या एका वाणात पिल्ले जन्मताना ठीक असत, तीन-चार आठवड्यांची झाली की चाल बिघडे, स्नायू वाळत, आणि चाळीस दिवसांच्या आत ती मरत. २००३ मध्ये कारण सापडले. त्यांच्या ओमीच्या माळेत २७६ क्रमांकाच्या जागी सेरिनऐवजी सिस्टीन हा मणी आला होता. या दोन मण्यांत फरक केवढा? एका ऑक्सिजनच्या अणूच्या जागी गंधकाचा एक अणू. तेवढ्याने पात्याची धार गेली. आणि पेशी कमी मरण्याऐवजी मेंदूतल्या पेशी जास्त मेल्या. पुढच्या वर्षी ओमीचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांतही तेच दिसले. कंपवातात दिसतो तसा हालचालींचा बिघाड, आणि मेंदूच्या त्याच परिसरातल्या पेशींचा नाश.

मारेकरी गेला आणि घर कोसळले, कारण तो आधी झाडूवाला होता. तंतुकणिकेत सतत जाळ चालू असतो, प्रथिने करपतात, विसकटतात. ती कोणी उचलली नाहीत तर पेशी आपल्याच कचऱ्याने गुदमरते. चेतापेशींना हे आधी जाणवते, कारण त्यांना ऊर्जा फार लागते आणि त्या सहसा नव्याने तयार होत नाहीत.

माणसांतही हे आढळले आहे. २०१६ पासून अशा बाळांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या, ज्यांच्या ओमीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, निकामी होत्या. झटके, दूध न ओढणे, श्वास अडकणे. यातली बरीच बाळे वर्षाच्या आत गेली. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, कोणी घाबरून जाऊ नये. पण त्याची जात ओळखीची आहे. आई-वडील दोघे धडधाकट, दोघांकडे एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. थॅलॅसेमियाचेही गणित हेच.

आणि इथे आपल्या घरातली एक गोष्ट बोलायलाच हवी. चुलत, मामे, खाला किंवा फुफीच्या घरातल्या निकाहात दोघांना एकाच आजोबांकडून तीच बिघडलेली प्रत आलेली असण्याची शक्यता वाढते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांचा आठवा हिस्सा वारसा समान असतो. आपल्याकडे हिंदू घरांतही मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथेही हिशेब हाच. बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, हेही तितकेच खरे. परंतु एखाद्या घरात दोन-तीन बाळे अशी गेली असतील, तर "नजर लागली" म्हणून तिसऱ्या पिढीचे नाते त्याच घरात पुन्हा जोडू नये. आधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे, असे मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते. नात्यात निकाह जायज आहे, फर्ज नाही. हे वाक्य मुलीच्या अम्मीने म्हटले तर घरात वाद होतो, दादीने म्हटले तर ऐकले जाते. म्हणून दादींनी हा अंक वाचावा.

कंपवाताचे मात्र जपून. २००५ मध्ये जर्मनीतल्या काही रुग्णांत ओमीचे बदललेले रूप आढळले आणि मोठी चर्चा झाली. नंतरच्या मोठ्या तपासण्यांत ते नाते टिकले नाही, तेच बदल निरोगी माणसांतही सापडले. कोणी ओमीची तपासणी करून कंपवात सांगतो म्हणाला, तर पैसे खिशात ठेवावेत.

परत टाटाकडे येऊ. कॅन्सरच्या पेशीत ओमी सहसा असतोच, पात्यासह. पण निरोप पोहोचत नाही. तंबाखूच्या धुराने आणि रसाने ज्या जनुकांचा बिघाड होतो त्यांत पी-५३ चे जनुक पुढे आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते फार वेळा बिघडलेले सापडते. पी-५३ मुका झाला की बॅक्सला कोणी सांगत नाही, भिंतीला भोक पडत नाही, ओमी बोळात झाडत बसतो, आणि जी पेशी केव्हाच गळून पडायची ती वाढत राहते. कित्येक कॅन्सर पेशी वर एक्सआयएपीही जास्त बनवून ठेवतात, म्हणजे मनगट धरणारे हात वाढवतात.

यावर औषधवाल्यांनी एक युक्ती केली. ओमीच्या टोकावर जशी चार मण्यांची चौकडी आहे, जवळजवळ तशीच स्मॅक नावाच्या दुसऱ्या प्रथिनावरही असते. त्या चौकडीची नक्कल करणारा लहानसा रेणू गोळीतून दिला, तर तो एक्सआयएपीच्या हातात जाऊन बसेल आणि कात्र्या सुटतील. अशा एका औषधाचे नाव झेव्हिनापँट. डोके-मानेच्या कॅन्सरच्या ९६ रुग्णांवर केमो आणि रेडिएशनसोबत ते दिले, तेव्हा निकाल फार आशादायक आले. मग सातशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. जून २०२४ मध्ये जर्मनीच्या मर्क कंपनीने ती थांबवली. औषधाने फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. मला ही बातमी वाचून वाईट वाटले, पण शिकवण्यासारखीही वाटली. शंभराच्या आतल्या रुग्णांवर जे चमकते ते हजाराजवळ जाताना विझू शकते, आणि विझले हे जाहीर करणारी पद्धत आपल्याकडच्या "शंभर टक्के गॅरंटी" जाहिरातींना नाही.

नुसती चौकडीची नक्कल पुरली नाही, म्हणून पात्याकडे लक्ष जाते. ओमीजवळ टोकही आहे आणि पातेही. खारघरला सापडलेल्या त्या पृष्ठभागावरच्या खळगीचे महत्त्व इथे आहे. तिथे बसणारा एखादा रेणू शोधता आला, तर पाते हवे तेव्हा उघडता येईल किंवा दुमडून ठेवता येईल. कॅन्सरच्या पेशीत उघडायचे, मेंदूच्या पेशीत मात्र झाडूचे काम बिघडू द्यायचे नाही. हे कठीण आहे, आणि यातून अजून एकही औषध दवाखान्यात आलेले नाही. "खारघरला नवीन इंजेक्शन आलंय म्हणे" असे कोणी सांगितले तर ते हे नव्हे.

तोपर्यंत पी-५३ शाबूत ठेवणे एवढे आपल्या हाती आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून अवघड मिश्री. ती घरात भाजली जाते, सुना-मुलींसमोर लावली जाते आणि तिला कोणी तंबाखू म्हणतच नाही. रोज्यात दिवसभर मिश्री न लावणाऱ्या बाया इफ्तारनंतर आधी ती डबी शोधतात. महिनाभर दिवसभर जी सुटते ती सुटू शकते, हे त्यांनीच सिद्ध केलेले असते.

ज्यांना ही सवय आहे, त्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडून पाहावे: गालाच्या आत, जिभेच्या कडांना, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणे. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, तेही बघावे. जात नसतील, तर ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवायला टाटापर्यंत जावे लागत नाही.